पहिलं धिरडं कुणाचं?

धिरडं हा मिरवायचा पदार्थ नव्हे. लग्नाच्या पंगतीत 'अहो, व्याह्यांना आणखी एक धिरडं वाढा' असा आग्रह झालेला मी तरी ऐकलेला नाही. मुलगी बघायला आलेल्यांना पोहे मिळतात, सत्यनारायणाला शिरा मिळतो, जावयाला श्रीखंड मिळतं. धिरडं मिळतं ते घरातली भाजी संपलेली असताना, पोळ्या लाटायचा कंटाळा आलेला असताना, किंवा कुणाचा तरी ताप नुकता उतरलेला असताना. आणि वाढणारी बाई ते वाढते तेही जरा ओशाळूनच. 'काही नाही हो, आज नुसती धिरडी टाकली,' म्हणते. पुरण वाटतात, लाडू वळतात, करंजीला मुरड घालतात. धिरडं आपलं टाकतात.

तर अशा या टाकलेल्या पदार्थावरून आमच्या मुलीच्या घरी, खुद्द इंग्लंडात, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी जवळजवळ आंतरराष्ट्रीय तंटा उभा राहिला.

त्याचं असं झालं. संध्याकाळी शेजारच्या आजीबाई झाकलेली बशी घेऊन आल्या. बशीत पातळ, घडी घातलेल्या, साखर भुरभुरून वर लिंबू पिळलेल्या चार चकत्या होत्या. आज 'पॅनकेक डे' आहे, असं त्यांनी शाळकरी मुलीच्या उत्साहाने सांगितलं. आमच्या हिने एक घास घेतला, डोळे मिटून चावला आणि निकाल दिला, "हे आपलं धिरडं आहे. ह्यांनी अंडं घातलंय आणि मीठ विसरल्यात." मुलीने भाषांतर करताना मीठ गाळलं, तरी 'आपलं' तेवढं पोचलंच. आजीबाई हसून म्हणाल्या की आमच्याकडे हे पाचशे वर्षांपासून चालत आलंय. झालं! हिने मान माझ्याकडे वळवली. "सांगा ना त्यांना, आपलं केव्हापासूनचं आहे ते. उगीच का तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलात?"

तीस वर्षं इतिहास शिकवला हे खरं. पण पानिपतच्या कारणांत किंवा पुरंदरच्या तहाच्या कलमांत धिरडं येत नाही, त्याला मी काय करणार? "बघून सांगतो," असं सरकारी कचेरीत मिळतं तसलं उत्तर मी दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मफलर गुंडाळून तिथल्या वाचनालयात जाऊन बसलो.

आधी शत्रूचं बळ मोजावं म्हणून इंग्रजांची बाजू काढली. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपास असतो. जुन्या काळी त्यात मांसाबरोबर अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य होतं. मग उपासाच्या आदल्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, घरातलं हे सगळं संपवायचं कसं? तर पिठात कालवायचं नि तव्यावर ओतायचं. आपण चातुर्मासात कांदा-लसूण सोडायचा म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करतो आणि चार महिन्यांची भजी एका दिवसात खाऊन घेतो, त्यातलाच हा प्रकार. वैराग्य उद्यावर आलं की आज भूक जास्त लागते, याबाबतीत पूर्व-पश्चिम असा भेद दिसत नाही.

बकिंगहॅमशायरमध्ये ऑल्नी नावाचं एक गाव आहे. तिथे गोष्ट सांगतात ती अशी की, १४४५ साली त्या गावातली एक बाई पॅनकेक करत होती, तेवढ्यात चर्चची घंटा झाली. उशीर होणार म्हणून ती तशीच, कमरेला एप्रन, डोक्याला रुमाल आणि हातात तवा घेऊन धावत सुटली. तिच्या आठवणीसाठी गावातल्या बायका बाजारापासून चर्चपर्यंत ४१५ यार्डांची शर्यत धावतात. हातात तवा, तव्यात पॅनकेक, आणि तो वर उडवून झेलायचाही. १९५० सालापासून अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लिबरल नावाच्या गावाने ह्यांच्याशी चुरस लावली. दोन्हीकडे त्याच दिवशी तेवढंच अंतर धावायचं आणि मग समुद्रापलीकडे वेळ ताडून पाहायची. अमेरिकेतल्या एका गावाला इंग्लंडातल्या दुसऱ्या गावाशी भांडायला याहून निरुपद्रवी विषय सापडला नसता.

रशियात याच उपासाच्या आधी एक दिवस नव्हे, अख्खा आठवडा धिरड्यांचा असतो. त्याला मास्लेनित्सा म्हणतात; 'मास्लो' म्हणजे लोणी. तिथलं धिरडं म्हणजे ब्लिन. त्यावर लोणी, साय, मध, मासळीची अंडी, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. आठवडा संपताना गवताची एक बाई करून तिला जाळतात, म्हणजे थंडी गेली. वेळही थेट आपल्या होळीच्या आसपासची. रशियन लोकांत एक म्हण आहे, पहिल्या ब्लिनचा गोळाच होतो. कुठल्याही कामाची सुरुवात बिघडायचीच, मनाला लावून घेऊ नये, असा अर्थ. आणि जुनी चाल अशी की त्या आठवड्यातला पहिला ब्लिन घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने भिकाऱ्याला द्यायचा. तो गोळा झालेला असे की धड, एवढं मात्र पुस्तकात नव्हतं. मला आपले पितृपक्षातले कावळे आठवले. त्यांना निदान वडा चांगला मिळतो.

फ्रान्समध्ये तारीख ठरलेली. २ फेब्रुवारी, नाताळानंतरचा चाळिसावा दिवस. एका हातात नाणं घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हाताने तव्यातला क्रेप उडवायचा. तो नीट परत तव्यात पडला तर वर्ष पैशाचं जातं. यावरून नेपोलियनची एक दंतकथा आहे. १८१२ साली रशियाच्या मोहिमेआधी त्याने म्हणे असे क्रेप उडवले. चार नीट पडले, पाचवा चुकला. पुढे मॉस्को जळताना पाहून तो आपल्या सेनापतीला म्हणाला, हाच तो पाचवा! दंतकथाच आहे, परीक्षेत लिहू नये. पण ज्या मुलखात पहिल्याचाच गोळा व्हायचा नियम, तिथे हा चार नीट पडले म्हणून निघाला, हे त्याच्या एकंदर स्वभावाला धरून वाटतं.

त्याच फ्रान्सच्या ब्रिटनी भागात तिखटमिठाचं धिरडं काळसर पिठाचं करतात. ते पीठ कसलं, तर उत्तर हिंदुस्थानात नवरात्राच्या उपासाला खातात त्या कुट्टूचं! तिकडे त्याच्यावर अंडं फोडतात, चीज किसतात, डुकराचं मांस पसरतात. एकाच दाण्याच्या नशिबात काय काय असावं!

हे सगळं टिपून घेतलं आणि मग स्वकीयांकडे वळलो. ऋग्वेदात तूप घातलेला अपूप आहे. त्याच अपूपाचा पुढे पुआ झाला आणि मालपुआही. अधिक महिन्यात आपण जावयाला तेहतीस अनारसे देतो ना, तेही या अपूपांच्याच जागी. म्हणजे मी स्वतः सासऱ्यांकडून ऋग्वेदातला पदार्थ वसूल केलेला आहे. पण मला हवा होता तव्यावर ओतलेला सरळ पुरावा. तो मिळाला कल्याणीच्या चालुक्यांकडे. कल्याणी म्हणजे आताचं बसवकल्याण, आपल्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने ११२९ सालच्या सुमाराला 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय काय करावं हे सांगताना त्याने काय काय खावं तेही सांगितलं. त्यात 'धोसक' आहे. नाव डोशाचं, पण त्यात तांदूळ नाही. डाळी भिजवून वाटायच्या, हिंग-जिरं घालायचं आणि तेल लावलेल्या तापल्या तव्यावर पसरायचं. हे डाळीचं धिरडंच झालं की! (त्याच ग्रंथात उंदीर भाजायची कृतीही आहे. ती मी वहीत उतरवून घेतली नाही. घरी गैरसमज व्हायचा.)

१४४५ विरुद्ध ११२९. तीनशे सोळा वर्षांची आघाडी! मी बर्फ तुडवत विजयी वीरासारखा घरी आलो आणि ओट्याशी उभ्या असलेल्या हिला सगळं वाचून दाखवलं. हिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली,

"ते सोमेश्वर महाराज स्वतः उभे होते का तव्याशी?"

"स्वतः कशाला? राजा होता तो."

"मग करत कोण होतं?"

वही माझ्या हातात उघडीच राहिली.

करत कोण होतं? आमच्यापुरतं उत्तर मला ठाऊक होतं. आक्का करत होती.

आमचं घर रत्नागिरीकडचं. आक्का ही माझ्या वडिलांची आत्या. लहानपणी लग्न झालं, दोन वर्षांत कुंकू पुसून माहेरी परत आली आणि पुढची पन्नासेक वर्षं आमच्या चुलीपुढे बसली. तिचा बिडाचा तवा होता, काळाकुळकुळीत आणि जड. (तोच तवा मुलीला हवा म्हणून आम्ही इंग्लंडला नेला, सामानाचं वजन जास्त भरलं तेव्हा विमानतळावर माझी दोन पुस्तकं बाहेर निघाली, तवा आत राहिला.) त्याला ती नारळाच्या शेंडीने तेल पुसायची. मग बोटांनी पाणी शिंपडायची. नुसतं 'चर्र' झालं तर तवा बरोबर तापला. थेंबांचे मोती होऊन ते तव्यावर पळायला लागले तर जास्त तापला, लाकूड मागे ओढायचं. या पळणाऱ्या मोत्यांवर लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन पंडिताने १७५६ साली लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला, आणि शास्त्रात आजही तो प्रकार त्याच्या नावाने ओळखतात. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब त्यावर तरंगतो, असं कारण आहे. आक्काला कारण ठाऊक नव्हतं. लाकूड केव्हा ओढायचं ते ठाऊक होतं.

पाणी शिंपडून झालं की ती वाटीने पीठ ओतायची. तांदळाच्या घावनाचं पीठ ताकासारखं पातळ. ते कडेकडून सुरू करून मध्याकडे न्यायचं, आणि पडेल तिथे राहू द्यायचं, पळीने फिरवायला गेलं की मोडलं. ओतताक्षणी त्याला भोकं भोकं पडत जायची. ही जाळी पडली तर घावन, नाहीतर खळ. त्यावर झाकण, आणि झाकणाच्या कडेने वाफ डोकावली की उलथनं. घावनाबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस. आंबोळीचं पीठ रात्रभर आंबलेलं, तिला काळ्या वाटाण्याची उसळ. आणि पाऊस चारचार दिवस हटला नाही की कणकेत गुळाचं पाणी आणि वेलदोडा घालून गोड धिरडी. त्यांच्या कडा काळसर, कुरकुरीत व्हायच्या. त्या कडांसाठी आम्ही सात-आठ भावंडं केळीच्या पानाचे तुकडे पुढे घेऊन ओळीने बसायचो आणि एकमेकांची धिरडी मोजायचो.

पहिलं धिरडं हमखास चिकटायचं. तवा एकसारखा तापलेला नसतो, तेल अजून मुरलेलं नसतं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही तव्यावर हे व्हायचंच. आक्का ते खरवडून एका ताटलीत बाजूला ठेवायची. मग आमची सुरू व्हायची, गरम गरम, एकामागून एक. शेवटी पातेल्याच्या कडेचं पीठ बोटाने पुसून घेऊन जे काही वेडंवाकडं व्हायचं तेही त्या ताटलीत जायचं. पहिलं आणि शेवटचं तिचं. ती ती दुपारी खायची, गार. मधलं, जाळी पडलेलं, तव्यावरून थेट पानात आलेलं धिरडं आक्काने खाल्लेलं मी कधीही पाहिलं नाही. धिरड्याची अडचणच ती आहे. ते गरमच खायला हवं, म्हणून करणाऱ्याला कधी पंगतीला बसता येत नाही. गौरीच्या नैवेद्याचं घावन-घाटलं तिच्याच हातचं लागायचं, कारण सोवळ्यात तिच्याइतकं कडक घरात कुणी नव्हतं. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या की मात्र ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसायची.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाचनालयात गेलो आणि वही नव्याने वाचली. ऑल्नीच्या गोष्टीत साल आहे, एप्रन आहे, घंटा आहे. बाईचं नाव नाही. नेपोलियनचं पाचवं धिरडं चुकलं ते दोनशे वर्षं लोकांच्या लक्षात आहे. 'क्रेप सुझेट' नावाचा एक मोठ्या हॉटेलांतला प्रकार आहे. आन्री शार्पांतिए नावाच्या बल्लवाने सांगितलं की, १८९५ साली माँटे कार्लोत इंग्लंडच्या युवराजांसाठी क्रेप करताना त्यातल्या मद्याने चुकून पेट घेतला, चव मात्र झकास झाली आणि युवराजांनी सोबतच्या सुझेट नावाच्या मुलीचं नाव त्याला दिलं. तेव्हा हा बल्लव पंधराच्या आतबाहेरचा पोरगा होता, म्हणून पुष्कळांना ही कथा पटत नाही. मला त्यातलं वेगळंच पटत नाही. आमच्याकडे धिरडं जळलं तर बोलणी बसायची, इथे ते अजरामर झालं. आणि नाव मिळालं तेही खाणारीचं.

न चिकटणाऱ्या तव्याची हकिकतही अशीच. मार्क ग्रेग्वार हा फ्रेंच गृहस्थ मासे धरायच्या सामानाला टेफ्लॉनचा लेप द्यायच्या खटपटीत होता. त्याची बायको म्हणाली, त्यापेक्षा माझ्या तव्याला दे की! १९५६ साली कंपनी उभी राहिली. तिचं नाव 'टेफाल', टेफ्लॉनमधलं टेफ आणि अ‍ॅल्युमिनियममधलं अल. बायकोचं नाव कोलेत, त्यातलं एक अक्षरही कुठे बसलं नाही.

पण मी थबकलो तो अमेरिकेत. १८८९ साली मिसूरी राज्यात दोघा जणांनी पॅनकेकचं तयार पीठ काढलं. नुसतं पाणी किंवा दूध घाला आणि ओता. त्याला नाव दिलं 'आँट जेमायमा', म्हणजे जेमायमा मावशी. ते नाव नाटक्यांच्या एका गाण्यातून उचललेलं. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या पिठाची जाहिरात करायला त्यांनी नॅन्सी ग्रीन नावाच्या काळ्या स्वयंपाकीणबाईंना उभं केलं. त्या १८३४ साली केंटकीत गुलाम म्हणून जन्मल्या होत्या. त्याच साली, त्याच शिकागोत, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंदांनी जमलेल्या लोकांना भगिनी आणि बंधू म्हटलं. नॅन्सीबाई तेव्हा 'मावशी' होऊन लोकांना पॅनकेक करून घालत होत्या. १९२३ साली मोटारीच्या अपघातात त्या गेल्या. शिकागोत त्यांना पुरलं त्या जागेवर २०२० सालापर्यंत नावाचा दगड नव्हता. आणि डब्यावरची मावशी २०२१ साली निघाली. एकशे तीस वर्षं मावशीचं नाव घरोघर आणि बाईंचं नाव कुठेच नाही.

आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला आपणही मावशीच म्हणतो. प्रेमाने म्हणतो, हे खरं. पण त्यात नाव विचारायचं राहून जातं, हेही खरं.

चुलीशी बसलेल्या एका बाईचं नाव मात्र आपल्याकडे राहिलं. मुक्ताई. तिला मांडे करायचे होते, विसोबा चाटीने कुंभारांकडून खापर मिळू दिलं नाही, म्हणून ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मी वर्गात ती कितीतरी वेळा रंगवून सांगितली असेल. दर वेळी पाठीचंच वर्णन केलं. मांडे कसे झाले होते ते एकाही पोराने विचारलं नाही आणि माझ्याही मनात आलं नाही.

त्या रात्री मला झोप येईना. आक्काचं नाव काय होतं?

पुण्याला चुलतभावाला फोन केला. तो आम्हा सगळ्यांत मोठा. म्हणाला, "आक्का म्हणजे आक्का. नाव कशाला हवंय? जमिनीचं काही निघालंय का?" घरातली भांडी डोळ्यांपुढे आणली. तांब्याच्या घंगाळावर आजोबांचं नाव, पितळी डब्यावर काकांच्या मुंजीची तिथी, वाट्यांवरसुद्धा कुणाकुणाची आद्याक्षरं. बिडाच्या तव्यावर नाव घालता येत नाही. ठोकायला गेलं तर तडकतो. महालयाला भटजी गेलेल्यांची नावं विचारायचे तेव्हा वडील तिचंही नाव घेत असणार. पण ती यादी फार लांब असे आणि आमचं लक्ष वड्यांकडे.

रविवारी आजीबाईंची बशी परत करायची होती. बशी रिकामी परत करत नाहीत, हा आपला रिवाज. मी जाहीर केलं की धिरडी मी करणार. मुलीने मोबाइल सरसावला. ही कधी नव्हे ती टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि पुढ्यात रिकामी ताटली घेतली. मी पाणी शिंपडलं. मोती पळाले. गॅस बारीक केला. पीठ ओतलं. पहिलं धिरडं तव्याला असं चिकटलं की जणू त्याचा तिथे सात-बाराचा उतारा होता. ते खरवडून मी बाजूला ठेवलं, माझं म्हणून. दुसरं ओतलं. त्याला थोडी जाळी पडली.

"आक्काचं नाव कुणालाच ठाऊक नाही," मी तव्याकडे बघत म्हटलं.

"मला आहे," ही म्हणाली.

"तुला?"

"लग्न होऊन आले तेव्हा पहिली दुपार तिच्याजवळ चुलीशी बसले होते. घरात कुणाशी बोलावं कळत नव्हतं. मग विचारलं तिला. माहेरचं सांगितलं, सासरचंही सांगितलं. म्हणाली, फार वर्षांनी उच्चारलं गं."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"आता विचारतोय."

"सांगते. आधी ते उलटा. करपतंय."